आमच्या पिचरचा हात

आमच्या संघाची बॅटिंग पहिल्यापासून बेताचीच. पोरी पळायला चपळ, पण बॅट फिरवली की चेंडू कुठे जाईल हे त्यांनाही सांगता यायचं नाही. तरीही गेल्या वर्षीच्या साखळीत डिसेंबर संपेपर्यंत आम्ही एकही सामना हरलो नव्हतो, आणि ते एकाच मुलीमुळे. ती पिचिंगला, म्हणजे बॅटरला चेंडू टाकायला, उभी राहिली की समोरच्या संघाच्या धावाच व्हायच्या नाहीत. आमच्या कशाबशा दोन झाल्या तरी मी निवांत असायचे.

मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा बेसबॉल संघ सांभाळते. कुस्ती आणि फुटबॉलच्या या गावात बेसबॉल म्हणजे काय, हे दर वर्षी नव्याने सांगावं लागतं. सरावाच्या वेळी शेजारच्या स्टॉपवरचे रिक्षावाले कुंपणाला टेकून उभे राहायचे आणि आमच्या पिचरने हात फिरवला की ओरडायचे, "फेकतीया! फेकतीया! नो-बॉल दे की रं!" क्रिकेटमध्ये कोपर वाकवून चेंडू टाकला की तो फेकी ठरतो. आमच्या खेळात पिचरने कोपर वाकवूनच, चाबूक सोडल्यासारखा हात सोडायचा असतो. त्यांना समजावून सांगायला मला वेळ नव्हता. पिचरला राग यायचा नाही. ती त्यांच्याकडे बघून पुढचा चेंडू आणखी जोरात फेकायची.

ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. घर पेठेत, दारात गोठा, गोठ्यात म्हशी. मोठा भाऊ कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीवर जायचा. दिसायला ती किरकोळ. पण हातात चेंडू धरायची तेव्हा बोटांची पकड बघून मी पहिल्याच दिवशी तिला पिचर ठरवलं होतं. तिचा चेंडू छातीच्या उंचीवर यायचा आणि बॅटरच्या पुढ्यात आला की एकदम खाली बसायचा. बॅट वरून जायची. हे मी शिकवलेलं नव्हतं, ते तिला आपोआप जमत होतं. हंगाम संपल्यावर मार्चमध्ये राज्य संघाचं शिबिर होतं. निवड करणारे दोघे डिसेंबरात येऊन तिला बघून गेले होते आणि जाताना म्हणाले होते, "हिला जपा." बाकी पोरींना या खेळातून एखादं सर्टिफिकेट मिळालं तरी पुरे होतं. हिला मात्र खरंच कुठेतरी पोहोचता आलं असतं, आणि ते तिलाही कळत होतं. शिबिराचं नाव निघालं की ती बुटाच्या टोकाने माती उकरत बसायची.

जानेवारीच्या पहिल्या सामन्यात तिला चार धावा बसल्या. मी म्हटलं, होतं असं. दुसऱ्यात त्याहून जास्त बसल्या. तिसऱ्या सामन्याआधी तिचे चेंडू झेलणारी आमची कॅचर माझ्याकडे आली. ही कॅचर ज्युदोतून आलेली, अंगाने दणकट आणि तोंडाने त्याहून.

"मॅडम, एक सांगू? हिचा बॉल माझ्या हातात येतोय, पण वाजत न्हाय."

"म्हणजे?"

"पयल्यांदा असा फाट करून वाजायचा. रात्री हात सुजायचा माझा. आता आई चपाती टाकती तव्यावर, तसा येतोय."

मी पिचरला विचारलं, दुखतंय का? "न्हाय ओ मॅडम." कोल्हापुरात खेळाडूला दुखतंय का विचारून उपयोग नसतो, हे मला इतक्या वर्षांत माहीत आहे. मग मी माझ्या परीने दुरुस्त्या केल्या. बोटांची पकड बदलून बघितली, पाऊल कुठे पडतं ते खडूने आखून दिलं, झोप किती घेतेस विचारलं. चेंडू बसायचा तो बसेनाच. नुसता सरळ यायचा, आणि सरळ चेंडू आमच्या कॉलेजच्या शिपायानेसुद्धा मारला असता.

इचलकरंजीच्या सामन्यात तर तिला चेंडू बॅटरसमोरच्या, छातीपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातही टाकता येईना. पट्ट्याबाहेर चार चेंडू गेले की बॅटरला फुकटात पहिला बेस मिळतो. तिने एकामागून एक पोरींना चालत बेसवर पाठवलं. मी तिला मधेच काढून दुसऱ्या पिचरला उभं केलं. ही दुसरी मूळची भालाफेकवाली. तिचा पहिलाच चेंडू कॅचरच्या डोक्यावरून जाळीबाहेर गेला आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर आदळला. सामना हरलो. परत येताना पिचर गाडीत माझ्या पुढच्या सीटवर बसली होती. पाण्याची बाटली तिने डाव्या हाताने उघडली, डाव्या हाताने प्यायली. मी पुढे वाकून तिच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला अंगठ्याने दाबलं. ती ओरडली नाही, पण डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"हे दुखत न्हाय व्हय?" मी म्हटलं.

तिने बाटलीचं झाकणही डाव्या हातानेच लावलं.

दुसऱ्याच दिवशी मी तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचे वडीलही आले. त्यांचा स्वतःचाच उजवा हात पट्टीत होता. दिवाळीनंतर नदीवर म्हशी धुताना घाटाच्या पायरीवर घसरले आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं होतं, पण मूठ पूर्ण मिटत नव्हती. डॉक्टरांनी मुलीचं कोपर सगळीकडून वाकवून बघितलं, एक्स-रे बघितला. हाडाला काही झालेलं नव्हतं. आत ताण आहे म्हणाले, पूर्ण विश्रांती, तीन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही. मग विचारलं, "घरी काही जड काम करते का? पाणी भरणं, पोती उचलणं?"

"न्हाय ओ डॉक्टर," वडील म्हणाले. "पोरीला मी कामाला लावतच न्हाय. खेळायचं आणि शिकायचं."

"काय न्हाय करत," मुलगी म्हणाली.

"संध्याकाळी ती माझ्याकडे सरावाला असते," मी म्हटलं. "काम करणार कधी?"

तिघांपैकी कुणीही खोटं बोललं नाही. डॉक्टरांनी वडिलांच्या पट्टीकडे बघितलं. "तुम्हाला काय झालं?"

"म्हशी धुताना पडलो."

"जपा," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

विश्रांतीच्या बाबतीत मी कडक राहिले. चेंडू आणि ग्लोव्ह काढून घेतला. दोन दिवस ती मैदानाच्या कडेला येऊन बसली, तर मी तिला हाकललं. मैदानावर बसलं की खेळाडूचा हात शिवशिवतो, एखादा चेंडू फेकलाच जातो. "घरी जा, आराम कर," म्हटलं. ती गेली.

ते तीन आठवडे संघाचे वाईट गेले. भालाफेकवालीच्या हातात जोर होता, पण तो कुठे जाईल याचा भरवसा नव्हता. मी तिला रोज जास्तीचा तासभर भिंतीवर खडूने चौकोन काढून त्यात चेंडू टाकायला लावायचे. ती मनापासून करायची, पण सामन्यात समोर माणूस उभा राहिला की चौकोन विसरायची. आम्ही हरलो, मग पुन्हा हरलो. जयसिंगपूरच्या मैदानावर पाचव्याच इनिंगमध्ये पंचांनी धावांचा फरक बघून सामना थांबवला, तेव्हा त्यांच्या पोरी आम्हाला सरबत घेऊन आल्या. हरलेल्याला असं सरबत देणं फार लागतं. आमच्या कॅचरने ग्लास परत केला. मी तिला सगळ्यांसमोर झापलं आणि प्यायला लावलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा डॉक्टर. त्यांनी कोपर दाबलं आणि पिचर खुर्चीतून अर्धी उठली. दुखणं आधीपेक्षा वाढलं होतं. डॉक्टर वैतागले.

"चोरून खेळतेस काय गं?"

"आईशपथ न्हाय."

"मग हे असं कसं?"

"मला काय म्हाईत? तुम्ही डॉक्टर हाय न्हवं."

मी तिला गप्प केलं, पण शंका मलाही होतीच. मैदानावर जाऊन कॅचरला बाजूला घेतलं. तिला कुणी चेंडू देतं का, गल्लीत पोरांबरोबर खेळते का? कॅचरने कमरेवर हात ठेवले.

"मॅडम, मी देईन व्हय तिला बॉल? ती नीट झाली न्हाय तर त्या भालेवालीचे बॉल अडवून माझीच बरगडी मोडायची हाय."

हे पटण्यासारखं होतं.

शिबिर जवळ येत चाललं होतं. तिला नुसतं नेऊन बसवता येईल का, निवड करणाऱ्यांना हाताबद्दल आधी सांगून ठेवावं का, याबद्दल तिच्या वडिलांशी बोलायचं होतं. फोनवर ते नुसतं "व्हय, व्हय" करतात, म्हणून संध्याकाळी मी स्वतःच गेले. घरी कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "कट्ट्यावर असतील की."

आमच्याकडे संध्याकाळी काही चौकांत म्हशी आणून उभ्या करतात, तो दुधाचा कट्टा. गिऱ्हाईक समोर उभं राहतं, त्याच्यासमोर ग्लासात धार काढायची आणि तसंच गरम, फेसाळ दूध त्याच्या हातात द्यायचं. तालमीतली पोरं येतात, नोकरीवरून परतणारे येतात, लहान मुलांना घेऊन बाया येतात. मीही लहानपणापासून प्यायलेय. त्या चौकात गेले तेव्हा चांगली गर्दी होती. तिचे वडील बादलीजवळ बसून डाव्या हाताने ग्लास विसळत होते. म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून, उकिडवी बसून, धार काढत होती आमची पिचर.

"या या मॅडम!" वडील उठायला लागले. "ओ पावणं, सरका जरा, मॅडम आल्यात पोरीच्या. बाळ, मॅडमना चांगला फेस आणून दे."

"बेसबॉलवाल्या हातचं दूध हाय हे," एक गिऱ्हाईक मला म्हणालं. "ताकद येती."

"तुला कितीबी पाज, ताकद यायची न्हाय," दुसऱ्याने त्याला हाणलं, आणि सगळे हसले.

मी दूध घेतलं नाही. उभी राहून बघत होते. अंगठा आत मुडपलेला, मूठ मिटते, उघडते, मिटते, उघडते. कोपरापासून मनगटापर्यंतचा प्रत्येक स्नायू कातडीखाली दिसत होता. एक ग्लास भरला, दुसरा आला. मधेच तिने हात झटकला आणि डावा हात लावला. म्हैस लगेच पाय हलवायला लागली.

"उजव्यानं काढ," वडील म्हणाले. "डाव्याला ती सोडत न्हाय, म्हाईत हाय न्हवं तुला?"

तिने पुन्हा उजवा लावला.

गर्दी जरा कमी झाल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. "रोज तूच काढतेस?"

"व्हय की. आबांचा हात मोडल्यापासून."

"सकाळी पण?"

"सकाळी घरच्या रतिबाची, संध्याकाळी हितं. पयला मी सरावाला यायचो तवा संध्याकाळी आई यायची कट्ट्यावर. आता सराव न्हाय म्हटल्यावर दोन्ही वेळा मीच काढतोय. तेवढीच आईला विश्रांती."

"हात दुखत नाही का काढताना?"

"दुखतंय की." तिने सरळ माझ्याकडे बघितलं. "पण मॅडम, हे काय काम न्हाय न्हवं."

तिला दोष देण्यात अर्थ नव्हता. माझं माहेर पन्हाळ्याच्या बाजूला, गोठ्याचंच घर. आमच्या घरात नांगरट हे काम, भांगलण हे काम, शेणी थापणं हेसुद्धा काम. धार काढणं मात्र कुणी कामात धरत नसे. वेणी घालावी, दात घासावेत, तसं ते. आईला ताप असला की तिला शेतावर पाठवत नसत, झोप म्हणत. आणि धारेची वेळ झाली की ती उठून तांब्या घेऊन गोठ्यात जायची आणि परत येऊन झोपायची. त्याला कुणी आजारपणात काम करणं म्हटलं नाही, तिनेही नाही. डॉक्टरांनी पाणी आणि पोती विचारली. त्यांनी "धार काढते का" असं विचारलं असतं तर तिघांनीही एका आवाजात हो म्हटलं असतं. पण शहरातल्या शिकलेल्या माणसाला तो प्रश्न सुचणार नाही आणि आम्हाला ते उत्तर. मी तिला जितकी विश्रांती दिली तितक्या जास्त म्हशी तिच्या वाट्याला आल्या.

मी वडिलांना तिथेच सांगितलं. आधी ते हसले. "धार काढून कुणाचा हात जातोय व्हय मॅडम? माझा बाप सत्तरीपर्यंत काढत हुता." मी म्हटलं, "दादा, तुमचे वडील चेंडू फेकत नव्हते." ते आपली न मिटणारी मूठ बघत बसले. समोर एक गिऱ्हाईक रिकामा ग्लास घेऊन उभं होतं, त्याला त्यांनी "संपलं आज" म्हणून परत पाठवलं. म्हशीची कास अजून भरलेली होती.

नंतर मोठी तपासणी झाली. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवून समजावून सांगितलं. कोपराच्या आतल्या बाजूला एक पट्टा असतो, तो दोन हाडांना धरून ठेवतो. चेंडू फेकताना त्याच्यावर सगळा ताण येतो, आणि मुठीचे स्नायू तो ताण निम्मा उचलतात. हिच्या मुठीचे स्नायू सकाळच्या धारेने आधीच दमलेले असायचे. सगळा भार पट्ट्यावर आला, आणि नंतर त्या दमलेल्या हाताला भरून यायला उसंत मिळाली नाही. पट्टा जवळजवळ पूर्ण फाटला होता.

"ऑपरेशन?" मी विचारलं.

"करता येतं. मोठ्या शहरात. वर्षभर हात बाजूला, आणि पुन्हा तसा चेंडू पडेल अशी खात्री कुणी देणार नाही." मग ते मुलीकडे वळले आणि तिला धीर द्यावा म्हणून म्हणाले, "घाबरू नकोस. रोजच्या जगण्यात काही अडचण येणार नाही. लिहिता येईल, स्वयंपाक करता येईल. दोन महिन्यांनी धारसुद्धा काढशील. फक्त फेकायचं नाही."

ती पडद्यावरचं चित्र बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे म्हशीला चालतोय. बॉलला न्हाय."

डॉक्टरांना ते नीट कळलं नसावं. "बरोबर," ते म्हणाले.

शिबिरासाठी तिच्या जागी सांगलीच्या मुलीचं नाव लागलं. चांगली आहे ती, मी तिला खेळताना बघितलंय. चेंडू वेगात येतो, पण खाली बसत नाही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी पिचरचे वडील मैदानावर आले. सायकलच्या हँडलला कॅन लावलेला, डाव्या हाताने सायकल ढकलत. धारेला गडी ठेवला होता म्हणाले. पोरी सराव संपवून बूट काढत होत्या. त्यांनी कॅनमधून प्रत्येकीला दूध ओतून दिलं. कॅचरने हात पुढे केला नाही.

"मला नको."

ते ग्लास धरून तसेच उभे राहिले. कडेला बसलेली पिचर म्हणाली, "पी गं गप. नाटकं करू नको."

कॅचरने ग्लास घेतला, एका दमात संपवला आणि पाठ फिरवून हेल्मेट पिशवीत भरत बसली. त्या पिशवीत ते नेहमी एका मिनिटात जातं. त्या दिवशी बराच वेळ लागला.

हंगामाचे उरलेले सामने आम्ही खेळलो. भालाफेकवाली हळूहळू सुधारली; तिला निदान कॅचर सापडायला लागली. दोन जिंकलो, बाकीचे हरलो. पिचरला मी संघातून काढलं नाही. ती पोशाख घालून बाकावर बसायची, समोरच्या बॅटरची सवय हेरून भालाफेकवालीला बोटांनी खुणा करायची. कामाची खूण असायची. पायाने माती उकरणं आता बंद झालं होतं.

शेवटचा सामना आमच्याच मैदानावर होता. तिसऱ्या-चौथ्या इनिंगमध्ये समोरच्या बॅटरने एक चेंडू चुकीचा कट केला. तो बाहेर गेला, उसळत उसळत आमच्या बाकाकडे आला आणि पिचरच्या बुटाला लागून थांबला. तिने वाकून उचलला. उजव्या हातानेच उचलला. बोटं आपोआप शिवणीवर बसली, मला बाकाच्या टोकावरून दिसलं.

"टाक की गं!" मैदानातून कुणीतरी ओरडलं. सवयीने.

कुंपणापलीकडच्या रिक्षावाल्यांपैकीही एकजण ओरडला, "टाक की! फेक!"

ती उठली. चेंडू हातात धरून मैदानात चालत गेली. पहिल्या बेसवरची पोरगी तो घ्यायला पुढे आली, तर तिने मानेने नको म्हटलं. चालत चालत पिचर उभी राहते त्या मधल्या उंचवट्यापर्यंत गेली आणि चेंडू भालाफेकवालीच्या ग्लोव्हमध्ये ठेवला. काहीतरी म्हणालीही तिला, एखादं वाक्य. पंच थांबले होते, बॅटर बॅट खाली टेकून उभी होती. मग ती तेवढंच अंतर चालत परत आली, बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मॅडम, ही बॅटर बाहेरचा बॉल मारती. आतला टाकायला सांगा."

मी सांगितलं. पुढचा चेंडू आतला पडला.